डाव्या दाराची भणभण

जयदेव ठोंबरे हा माणूस गाडी घेईपर्यंत तसा शहाणा होता. अंबरनाथ पश्चिमेला दुसऱ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट, एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या डिस्पॅच खात्यात सत्तावीस वर्षांची नोकरी, बायको विनिता, एकुलती एक मुलगी जिज्ञासा. घरातला पंखा कुरकुरायला लागला तेव्हा त्याने तो दोन उन्हाळे तसाच चालवला होता, आणि विनिताने बोलून बोलून तोंड दुखवून घेतल्यावर, "चालतोय ना?" एवढंच विचारलं होतं. आवाजाच्या बाबतीत इतका सोशिक माणूस ऐन लग्नघाईत दोन महिने गाडीच्या स्टिरिओमागे लागतो, म्हणजे त्याला कारण तसंच असणार. कारण होतंच, आणि ते चामटोलीला गावच्या घरात ओटीवर बसून तांदूळ निवडत होतं.

वेणूबाई, म्हणजे जयदेवची आई, ही धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, त्याने एवढंच समजावं की भटजी उशिरा आला तर लोक थांबतात, पण धवलारीण आली नाही तर काही सुरूच होत नाही. मांडव उभारायचा तर तिने धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गायचे, हळद दळायची, लावायची, उतरवायची तर तिने गायचे. वेणूबाई ओळ पुढे म्हणायची आणि वाडीतली विठाबाई ती मागून झेलायची, म्हणजे तीच ओळ उचलून पुरी करायची. चाळीस वर्षं ही जोडी बदलापूरपासून वांगणीपर्यंतच्या लग्नांत गेली. मग दोन वर्षांपूर्वी वेणूबाईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, गाठ गेली, पण जाताना आवाजही फाडून गेली. त्याच वर्षी दिवाळीच्या आसपास विठाबाई गेली. तेव्हापासून वेणूबाई गायला बसली नाही. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही.

जिज्ञासाचं लग्न ठरलं तेव्हा जयदेव पेढे घेऊन गावी गेला. आईने पेढा तोंडात टाकला, नातीला आशीर्वाद दिला आणि शांतपणे सांगितलं की लग्नाला ती येईल, जेवेल, अक्षता टाकेल, पण हळदीला बसणार नाही. धवलारणीने नुसतं मांडवात जाऊन बसायचं आणि लोकांची तोंडं बघायची, हे तिच्याच्याने होणार नव्हतं. ही बातमी घरी आली, तेव्हा जिज्ञासाने, जी एरवी हळदीला डीजे कुठला ठेवायचा यावर चुलत भावांशी तास तास भांडत होती, डीजेचं पत्रक बाजूला ठेवलं. आजी नाही तर हळदही नाही, असं ती म्हणाली. ओरडून म्हणाली असती तर जयदेवला बरं वाटलं असतं, पण पोरगी हळू आवाजात म्हणाली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

तर आता आईला हळदीला कसं बसवायचं, हा प्रश्न होता. जयदेवकडे एक जुनं रेकॉर्डिंग होतं. बावीस वर्षांपूर्वी चुलत्याकडच्या लग्नात कुणा हौशी माणसाने दोन माइक लावून, एक वेणूबाईसमोर आणि एक विठाबाईसमोर, ते कॅसेटवर घेतलं होतं. पुढे त्याची सीडी झाली आणि आता ते पेन ड्राइव्हमध्ये होतं. जयदेवचं म्हणणं असं की माणसाने स्वतःचा चांगल्या दिवसांतला आवाज ऐकला की अंगात हुरूप येतो. म्हणून बदलापूरला डोळे तपासायला आईला नव्या गाडीतून नेलं, त्या दिवशी त्याने ते मोठ्या अभिमानाने लावलं. गाडीच्या माहितीपत्रकात सहा स्पीकर छापले होते. मागच्या सीटवर बसलेल्या वेणूबाईने अर्धा मिनिट ऐकलं.

"ही बाई हिरीत परली का काय?" तिने विचारलं, आणि बंद करायला लावलं.

जयदेवला ते फार लागलं. विहिरीत पडलेली ती बाई त्याची आई होती, आणि विहीर त्याने हप्त्यावर घेतलेली होती. बरं, आईचं चुकत होतं असंही नाही. त्याने नंतर एकट्याने ऐकलं, तर खरंच आवाज कुठून तरी खालून, पायांजवळून यायचा, ढोलकी घुमायची आणि आईचे शब्द त्या घुमण्यात बुडायचे. सहा स्पीकर होते, पण सहाही जण एकाच वेळी बोलत होते आणि कुणी कुणाचं ऐकत नव्हतं.

इथे प्रमोदकाका येतात. प्रमोदकाका समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते, आणि जगातला कुठलाही आवाज आपल्या खात्याच्या अखत्यारीत येतो अशी त्यांची समजूत होती. त्यांनी गाडीत बसून, डोळे मिटून, दोन मिनिटं ऐकलं आणि निदान केलं. गाडीत माणूस एका कोपऱ्यात बसतो, जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो, लांबच्याचा नंतर, आणि कानात गर्दी होते. त्यावर उपाय म्हणजे डीएसपी, एक छोटी पेटी. ती जवळच्या आवाजाला जरा थांबवून ठेवते. लग्नात लवकर आलेल्या पाहुण्यांना दारातच सरबत देऊन गुंतवतात, तसं. शिवाय जो सूर जास्त घुमतो तो खाली आणायचा, जो दबतो तो वर घ्यायचा. कंपनी काय, सगळ्यांना एकाच मापाचा सदरा शिवते, आपण तो अंगाबरोबर करून घ्यायचा, असं काका म्हणाले. जयदेवला हे एकदम पटलं. ज्याला विषयातलं काही कळत नाही त्याला उपमा चटकन पटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला विनिता जिज्ञासाच्या ब्लाउजची मापं घ्यायला टेप शोधत होती. टेप गाडीत सापडली. तिचं एक टोक जयदेवच्या उजव्या कानात होतं आणि दुसरं प्रमोदकाकांनी दाराच्या स्पीकरवर धरलं होतं. काका आकडे ओरडत होते आणि जयदेव मान न हलवता ते लग्नाच्या यादीच्या पाठीमागे लिहून घेत होता. यादीच्या पुढच्या बाजूला हळदीच्या दिवसाच्या फुलांचा हिशेब होता, तो नंतर कुणाला लागलाच नाही, ही गोष्ट वेगळी. विनिताने टेपसाठी हात पुढे केला.

"अहो," ती म्हणाली, "लग्न मुलीचं आहे, गाडीचं नाही."

जयदेवने तिला सगळं आईसाठी चाललंय हे समजावून सांगितलं. आईसाठी म्हटल्यावर विनिताला पुढे बोलता येत नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि ते वापरल्याची त्याला थोडी लाजही वाटली. ती टेप घेऊन वर गेली.

मग गाडीच्या सर्व्हिस सेंटरची वारी झाली. गाडीला पेटी जोडायची तर वॉरंटी जाणार का, एवढाच साधा प्रश्न जयदेवला विचारायचा होता. काउंटरवरच्या मुलीने अर्ज दिला. अर्जात आवाजासंबंधी दोन चौकोन होते, 'येतो' आणि 'येत नाही'. जयदेवने सांगितलं की येतो, पण विहिरीतून येतो. मुलगी सभ्य होती, तिने साहेबांना बोलावलं. साहेबांनी पाच मिनिटं बटणं दाबली आणि सिस्टिम ओके असल्याचा शेरा मारला. जयदेवने आपली आई धवलारीण असल्याचं त्यांना सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, आईंना गाडीत काही त्रास होत असेल तर एसीचं फिल्टर बदलून बघा. फिल्टर बदललं गेलं. वॉरंटीबद्दल वरून कळवतो म्हणाले, ते अजून कळलेलं नाही.

शेवटी उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या धर्मेशचा पत्ता लागला. दुकान लहान, समोर नेहमी दोन-तीन गाड्या दारं उघडून उभ्या, आणि धर्मेश लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यांच्यापैकी एकीत बसलेला. हा माणूस कमी बोलायचा. सिंधी, मराठी आणि हिंदी तिन्ही भाषा त्याला यायच्या, त्यामुळे तो तिन्हींतून थोडं थोडंच बोलायचा. त्याने डॅशबोर्ड न कापता, कंपनीच्या वायरीला हात न लावता पेटी सीटखाली बसवून दिली आणि आवाज बसवायला पुढच्या मंगळवारी या, लग्नसराईमुळे रांग आहे, असं सांगितलं.

मंगळवारपर्यंत थांबायचं होतं. थांबले असते तर ही गोष्ट निम्म्यात आटोपली असती. पण प्रमोदकाकांनी मोबाइलवर एक अॅप उतरवलं होतं, त्यात आवाजाचा आलेख दिसतो. त्यासाठी गाडीत एक विशिष्ट आवाज लावून ठेवावा लागतो. तो कसा, तर एकसारखा सूंऽऽऽ असा, ज्यात खालपासून वरपर्यंतचे सगळे सूर एकत्र असतात. रविवारी सकाळी काकांनी तो लावला, काचा वर केल्या, मोबाइल सीटवर ठेवला आणि दहा मिनिटं मोजणी होऊ द्यावी म्हणून दोघेही आपापल्या घरी चहाला गेले. पुढचं दार नीट लागलं नव्हतं.

आता हे अंबरनाथ आहे, हे लक्षात ठेवायला हवं. इथे रासायनिक कारखान्यांच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला रविवारी सकाळी पार्किंगमधून एकसारखा सूंऽऽऽ असा आवाज आला तर त्याच्या मनात संगीत येत नाही. 'बी' विंगमधल्या कुणीतरी पहिल्यांदा ओरडलं की गॅस सुटलाय. पाच मिनिटांत अख्खी सोसायटी ओले रुमाल नाकाला लावून खाली उतरली. एक बाई कुकर हातात घेऊन आली, कारण गॅस बंद करायचा की कुकर उतरवायचा यात तिची गडबड झाली होती. एक गृहस्थ वाऱ्याची दिशा बघायला ओलं बोट वर धरून उभे होते. दोन-तीन जणांच्या घशात खवखव सुरूही झाली होती. आणि सगळ्यांच्या पुढे, ओला टॉवेल तोंडावर घट्ट बांधून, लोकांना पूर्वेकडे पळा असं खुणावत, प्रमोदकाका धावत होते. आपणच लावलेला आवाज ते चहाच्या नादात साफ विसरले होते.

जयदेवने जाऊन स्टिरिओ बंद केला. एकदम शांत झालं. चाळीस-पन्नास माणसं रुमालाआडून त्याच्याकडे बघत राहिली. मुलीच्या लग्नाच्या पत्रिका त्याने यांतल्या बहुतेकांना त्याच आठवड्यात वाटल्या होत्या. खजील होणं म्हणजे काय ते त्याला त्या दिवशी कळलं, कारण कुणी रागावलं नाही. लोक फक्त हळूहळू वर गेले.

राग नंतर लेखी आला. सोसायटीच्या फलकावर सेक्रेटरींच्या सहीने सूचना लागली की वाहनतळात उभ्या वाहनातून 'कोणत्याही प्रकारचा, विशेषतः विनाकारण' आवाज काढू नये. 'विनाकारण' या शब्दाने जयदेवला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. त्याने उत्तराचा मसुदाही केला होता, त्यात आईचा, धवल्यांचा आणि जिज्ञासाच्या हळदीचा सविस्तर उल्लेख होता. मग तो त्याने फाडला. आईचं दुःख फलकावर लावायचं नव्हतं.

मंगळवारी तो एकटाच कॅम्प पाचला गेला. प्रमोदकाकांना घशाची तक्रार होती. धर्मेशने माइक लावला, लॅपटॉप उघडला आणि एकच प्रश्न विचारला, कोणत्या सीटसाठी बसवायचं.

जयदेव म्हणाला, सगळ्या.

"साईं, सबके लिए करेंगे तो किसी के लिए नहीं होगा," धर्मेश म्हणाला. "एक सीट पकडा. बाकीचे लोक अॅडजस्ट करतात."

जयदेवच्या घरात आजवर हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. पंखा कुणाच्या डोक्यावर लावायचा, टीव्ही कुणाकडे तोंड करून ठेवायचा, भाजी कुणाच्या तिखटाने करायची, हे सगळं आपोआप ठरत गेलं होतं आणि बहुतेक वेळा त्याच्या बाजूने ठरलं होतं. बाकीचे अॅडजस्ट करत होते. विनिता सव्वीस वर्षं करत होती. आई तर त्याच्या जन्माच्या आधीपासून करत आली होती. त्याला आठवलं की आई नेहमी मागे डाव्या बाजूला बसते, कारण पुढचा पट्टा तिच्या लुगड्यावर बसत नाही आणि डावीकडून गावं, शेतं दिसतात. तो म्हणाला, मागची डावी. धर्मेशने त्याच्याकडे जरा नवलाने पाहिलं. लोक ड्रायव्हरची सीटच सांगतात, असं तो म्हणाला.

दोन तास धर्मेश काम करत होता. मग त्याने जयदेवला मागे डावीकडे बसवलं आणि पेन ड्राइव्ह लावला. आई समोर बसली होती. पायांजवळून येत नव्हता आवाज, डोळ्यांसमोरून येत होता. शब्द नि शब्द स्वच्छ, ढोलकी आपल्या जागी, श्वाससुद्धा ऐकू येत होता. फक्त एकच गोष्ट खटकत होती. आईची ओळ संपली की डाव्या दाराकडून एक भणभण यायची, जाडसर, खालच्या सुरातली. मग पुन्हा आईची ओळ, पुन्हा भणभण.

धर्मेशने दाराच्या पॅडवर हात दाबून पाहिला. त्याला शंका होती. हे रेकॉर्डिंगमध्ये आहे की दारात, असं त्याने विचारलं.

"दारात," जयदेव ठामपणे म्हणाला. "हे धवले मी जन्मापासून ऐकतोय."

गिऱ्हाईक ठाम असलं की धर्मेश वाद घालत नसे. त्याने तो खालचा सूर पार कापला, डाव्या माइकची बाजू जवळजवळ बंद केली, आणि भणभण गेली. उरली ती नुसती वेणूबाई.

पुढचे दहा-बारा दिवस जयदेव कामावरून आला की पार्किंगमध्ये काचा घट्ट लावून, आवाज अगदी बारीक ठेवून, स्वतःच्या गाडीत मागे डावीकडे बसायचा. वॉचमनला वाटलं साहेबांनी ड्रायव्हर ठेवला आणि तो रोज उशिरा येतो. एकदा त्याने सहानुभूतीने सांगितलंही की असले ड्रायव्हर टिकत नाहीत, माझा भाचा आहे. जयदेव हसला. त्याला आता कुणाचं काही लागत नव्हतं. आईचा आवाज त्याने आईसाठी परत आणला होता, आणि हळदीला पाच दिवस उरले होते.

रविवारी सकाळी तो चामटोलीला गेला. आईला गाडीत बसवलं, गाडी आंब्याखाली सावलीत लावली, इंजिन बंद केलं. मागे वळून तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही, म्हणून आरशात बघत त्याने बटण दाबलं.

वेणूबाई पहिल्या ओळीला चमकली. डोळे मोठे झाले. दुसऱ्या ओळीला तिने पदर सावरला, कुणीतरी समोर आल्यासारखा. मग तिची मान डावीकडे वळली, दाराकडे, मग पाठीमागे, मग पुन्हा दाराकडे. तिसरी ओळ झाली, चौथी झाली.

"जयदेवा," ती त्या फाटक्या आवाजात म्हणाली, "विठा कुठं गेली?"

जयदेवला क्षणभर काही कळलं नाही. आणि मग कळलं. जन्मापासून ऐकत होता म्हणे. जन्मापासून तो फक्त आईला ऐकत होता. आईच्या मागून चाळीस वर्षं जी बाई प्रत्येक ओळ झेलत होती, जिच्या हातची भाकरी त्याने आईच्या हातच्या भाकरीइतकीच खाल्ली होती, तिला त्याने स्वतःच्या तोंडाने दाराची भणभण म्हटलं होतं आणि पैसे देऊन काढून टाकलं होतं. त्याने सगळं सांगितलं. अडखळत, धर्मेशला मध्ये न घालता. तीच ती भणभण होती हे म्हणताना त्याला रडू येईल असं वाटलं. तो म्हणाला, आजच्या आज कॅम्प पाचला जातो, परत आणतो, सगळं पेटीत तसंच आहे, एक बटण दाबलं की विठामावशी परत येते.

वेणूबाई ऐकत होती की नाही कोण जाणे. तिकडे रेकॉर्डिंग चालूच होतं. वेणूबाईची ओळ यायची, संपायची, आणि तिच्यामागे रिकामी जागा यायची, नुसती ढोलकीची. मग पुढची ओळ. अशा तीन रिकाम्या जागा गेल्या. चौथ्या जागेत मागच्या सीटवरून एक घोगरा, चिरफाळलेला आवाज आला. वेणूबाई विठाबाईची बाजू म्हणत होती. अर्ध्यातच तिचा दम संपला आणि पुढची ओळ तिच्या अंगावर येऊन आदळली. तिने पुढच्या वेळी पुन्हा धरलं. पुन्हा दम पुरला नाही. तिसऱ्यांदा तिने हात वर केला, आणि जयदेवने रेकॉर्डिंग थांबवलं.

तिने श्वास खाली बसू दिला. मग म्हणाली, "लय घाईत म्हनायची रं मी. तिला बिचारीला दम पन घेव द्याची नाय."

जयदेव म्हणाला, जुनी गोष्ट, आई.

"चालीस वर्सं," वेणूबाई म्हणाली. "कवा बोलली नाय ती. मना वाटायचं, मीच गाते."

तिचे डोळे भरून आले होते, आणि ते तिने लपवले नाहीत. जयदेवने पुन्हा विचारलं, मावशीला परत आणू का. वेणूबाईने मान हलवली.

"नको. तिनं लय झेललं. आता मना झेलू दे."

मग आईने जे ठरवलं ते जयदेवने घरी आल्यावर विनिताला आणि जिज्ञासाला सांगितलं, तेव्हा दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघी एकदम कामाला लागल्या. ती हळदीला बसणार होती. पुढे म्हणणार नव्हती, मागून झेलणार होती, आणि पुढे म्हणायला तीच होती, पेटीतली. आवाज ज्या एका सीटवर नीट ऐकू येतो त्या सीटसकट येणार होती. म्हणजे गाडी मांडवात हवी होती. मांडव सोसायटीच्या वाहनतळात होता, आणि वाहनतळात वाहनातून आवाज काढायला मनाई होती. जयदेव सेक्रेटरींकडे गेला आणि या वेळी त्याने सगळं सांगितलं, अर्जात नाही, तोंडाने. सेक्रेटरींनी ऐकून घेतलं. फलकावरची सूचना एका दिवसापुरती काढली तर लोक विचारतील, म्हणून त्यांनी तिच्यावर जिज्ञासाच्या लग्नाची पत्रिका टाचणीने लावून टाकली.

हळदीच्या दिवशी गाडी मांडवात मागे घेताना प्रमोदकाकांनी दिशा दाखवली, त्यामुळे मांडवाचा एक खांब तिरका झाला. डीजेवाल्या मुलांनी आपली खोकी बाजूला सरकवली. जिज्ञासा पाटावर बसली. गाडीची चारी दारं उघडली, आणि मागे डावीकडे वेणूबाई बसली, नवं लुगडं, हातात हळदीचं पान. बायका दाराशी दाटीवाटीने उभ्या राहिल्या. त्यांना रेकॉर्डिंग वाकडंतिकडंच ऐकू येत होतं, कारण ते त्यांच्यासाठी बसवलंच नव्हतं. पण झेलणारीचा आवाज त्यांना समोरून, जसा आहे तसा, ऐकू येत होता. विनिताला एक शब्द येत नव्हता, ती सांगलीकडची. तरी तिचे ओठ हलत होते.

जयदेव पुढच्या सीटवर होता. तिथे आवाज सगळ्यात वाईट येतो. दोन महिन्यांत शिकलेल्या आलेखांचा, सुरांचा, अंतरांचा त्याला आता काही उपयोग नव्हता. त्याचं काम एकच होतं. पेटीतल्या तरण्या वेणूबाईने ओळ टाकली की बटण दाबून रेकॉर्डिंग थांबवायचं आणि बोट तिथेच ठेवायचं. मागे म्हातारी वेणूबाई ती ओळ उचलायची, मध्ये अडकायची, खोकायची, पुन्हा उचलायची. ती पुरी होईपर्यंत मांडवात कुणी हलत नव्हतं. हळद लावणाऱ्या बायकांचे हातही तेवढा वेळ जिज्ञासाच्या गालावर थांबत होते. मग जयदेव बोट उचलून पुढची ओळ सोडायचा.

सातव्या-आठव्या ओळीला आईचा दम पार संपला. ओळ अर्धीच राहिली. तिने डोळे मिटले आणि छातीवर हात ठेवला. जयदेवने बटणावरचं बोट उचललं नाही. मागून श्वास आत गेल्याचा आवाज आला, मग बाहेर आल्याचा, मग पुन्हा आत. तो तसाच बसून राहिला. आईने उरलेली अर्धी ओळ म्हटली, पूर्ण केली, आणि मगच त्याने बोट उचललं.